गाडी चालवली होती का?

ह्या वीकेंडचा विषय जरा श्रीमंती आहे. जुन्या स्पोर्ट्स गाड्या! लांबलचक बॉनेट, दोनच सीट, वरचं छत काढता येतं आणि अ‍ॅव्हरेज विचारायचं नाही, अशा. आपल्यापैकी बहुतेकांचा त्यांच्याशी संबंध यूट्यूबपुरताच. पण हल्ली ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एसआयपी, सोनं आणि प्लॉट हे तीन विषय संपले की कुणीतरी हा चौथा काढतंच. "अरे, क्लासिक गाड्यांनी सेन्सेक्सपेक्षा जास्त रिटर्न दिलेत, माहितीये का?" मग टेबलावर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, गाडी मजेसाठी घ्यायची, तिच्यात कसली आलीये इन्व्हेस्टमेंट. दुसरी म्हणते, मजा वगैरे ठीक आहे, दहा वर्षांनी किती येतील ते बोला.

मला हा वाद जाम कंटाळवाणा वाटायचा. मग मुंबई उच्च न्यायालयाचा २०२५ मधला एक निकाल वाचनात आला, आणि कळलं की नेमका हाच वाद आयकर खातं आणि एक गृहस्थ ह्यांच्यात तीसेक वर्षं चालू होता.

प्रकरण असं. ह्या गृहस्थांनी १९८३ मध्ये एक जुनी फोर्ड टूरर घेतली. मॉडेल १९३१ चं, किंमत २० हजार रुपये. १९९१-९२ च्या आर्थिक वर्षात ती विकली २१ लाखांना. म्हणजे आठ-नऊ वर्षांत पैसे शंभरपटीच्या वर. (इथे जेवणाच्या टेबलावरची दुसरी पार्टी उठून टाळ्या वाजवते.) आता कर किती?

आयकराचा नियम तसा सोपा आहे. स्वतःच्या वापरातल्या वस्तू, म्हणजे कपडे, फर्निचर, घरची गाडी वगैरे, ह्यांना कायदा 'भांडवली मालमत्ता' धरत नाही. त्या विकून चार पैसे सुटले तरी त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं ह्यांना ही सवलत नाही, पण गाडीचं नाव त्या यादीत नाही. तेव्हा गृहस्थांचं म्हणणं होतं की गाडी माझी स्वतःची, वैयक्तिक वापराची, कर कसला? खातं म्हणालं, वापर केला होता का? दाखवा.

आणि तिथेच गाडी अडली. ती स्वतःसाठी वापरल्याचा पुरावा नव्हता. न्यायालय म्हणालं की एखादी वस्तू वापरता येण्याजोगी आहे एवढं पुरत नाही. ती खरोखर वापरलेली असली पाहिजे. निकाल खात्याच्या बाजूने गेला.

ह्या विचाराची मुळं आणखी जुनी आहेत. सर्वोच्च न्यायालयापुढे १९७६ मध्ये धोलपूरच्या महाराजांचं प्रकरण होतं. त्यांच्याकडे सोन्याची नाणी, चांदीचे रुपये आणि चांदीच्या विटा होत्या. युक्तिवाद असा की हे सगळं आम्ही लक्ष्मीपूजनात मांडतो, म्हणून ते वैयक्तिक वापराचं आहे. न्यायालयाला ते पटलं नाही. पूजेला वीट मांडली म्हणून ती अंगावरच्या शर्टासारखी रोजच्या वापरातली होत नाही.

म्हणजे बघा, आपण टेबलावर 'मजा की गुंतवणूक' म्हणून जे भांडतो, त्याचं कोर्टाने एका प्रश्नात निकाल लावणारं सूत्र करून टाकलं: गाडी चालवली होती का? चालवली असेल तर ती तुमची वस्तू. नुसती ठेवली असेल तर तो माल. हा प्रश्न मला इतका आवडला की मी तो घेऊन इतिहासातल्या गाड्यांकडे गेलो. आजचा लेख म्हणजे त्या फेरफटक्याचा हिशोब.

सुरुवात घरापासून करतो. माझं घर चिकलठाण्याचं, विमानतळ आणि जुनी एमआयडीसी ह्यांच्या शेजारचं. आजचं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं आणि १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. तर आमच्या ह्या जुन्या सरकारची एक गाडी हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ठेवलेली आहे. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, बॉडी लंडनच्या बार्कर कंपनीची. सहावे निजाम महबूब अली खान ह्यांनी मागवली होती, पण १९११ मध्ये ते वारले आणि गाडी पोचली ती सातवे निजाम उस्मान अली खान ह्यांच्या काळात. रंग पिवळा, वर घुमटासारखं छत आणि मागे सीटच्या जागी चक्क सिंहासन. म्हणूनच तिला 'थ्रोन कार' म्हणतात.

ह्या गाडीच्या ओडोमीटरवरचा आकडा सांगितला जातो तो ३५६ मैल. किलोमीटरमध्ये साधारण ५७३. आमच्याकडून हैदराबाद रस्त्याने साडेपाचशेच्या आसपास पडतं. म्हणजे एवढ्या मोठ्या राज्याची ही शाही गाडी आख्ख्या आयुष्यात जेमतेम एकदा संभाजीनगर-हैदराबाद होईल इतकीच चालली. एकेरी! परतीचा प्रवास नाहीच. ज्या माणसाचा फोटो 'टाइम' मासिकाने १९३७ मध्ये जगातला सर्वांत श्रीमंत म्हणून मुखपृष्ठावर छापला, त्याच्या दारात ही गाडी होती. तो ती चालवत नव्हता आणि विकायचीही नव्हती. ना मजा, ना गुंतवणूक. सिंहासनाला चार चाकं लावली होती, इतकंच.

आता दुसरा राजा. आमच्या गावापासून तीसेक किलोमीटरवर वेरूळ. तिथल्या घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला अहिल्याबाई होळकरांनी. त्यांच्याच घराण्यात पुढे इंदूरच्या गादीवर १९२६ मध्ये आले यशवंतराव होळकर दुसरे. वय वर्षं सतरा. शिक्षण इंग्लंडातलं, आवड आधुनिक. जर्मन आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, तो त्या काळातल्या युरोपातही नवा वाटला असता. आणि गाड्यांचं वेड तर विचारू नका.

त्यांची सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे. १९३५-३६ सालची. आठ सिलिंडर एका ओळीत, जवळजवळ सात लिटरचं इंजिन, वर सुपरचार्जर, आणि कंपनीचा दावा ३२० हॉर्सपॉवरचा. तुलनेसाठी सांगतो, आपल्या रस्त्यावरच्या साध्या हॅचबॅकला आजही ८०-९० च्या आसपास पॉवर असते, आणि हे तीसच्या दशकात. बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने चढवली, दोन सीटची स्पीडस्टर. रंग भगवा आणि काळा. पुढे लाल आणि निळे दिवे होते. गाडीत कोण आहे ते त्यावरून लांबून कळावं म्हणून.

मुद्दा असा की होळकरांनी दहा वर्षांनी काय भाव येईल म्हणून ही गाडी घेतली नव्हती. असा भाव असतो ही कल्पनाच तेव्हा नव्हती. जुनी गाडी म्हणजे जुनी गाडी. आज ही ड्यूसेनबर्ग अमेरिकेत आहे आणि जगातल्या सगळ्यात देखण्या गाड्यांच्या यादीत तिचं नाव असतं. ती घडवून घेतली ती निव्वळ हौसेने.

(कुणी म्हणेल, प्रजेच्या पैशावर हौस करायला काय जातंय? बरोबर आहे. त्यावर स्वतंत्र लेख होईल. असो.)

मधल्या काळात काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. संस्थानं विलीन झाली. १९७१ मध्ये तनखे बंद झाले. १९७३ मध्ये तेलाचे भाव जगभर भडकले. लिटरमागे तीन-चार किलोमीटर जाणाऱ्या, पार्ट न मिळणाऱ्या, गॅरेज भरून टाकणाऱ्या ह्या गाड्या लोकांच्या डोक्याला ताप झाल्या. कितीतरी भंगारात गेल्या, कितीतरी मातीमोल भावाने परदेशी गेल्या. म्हणजे ज्या काळात ह्या गाड्या घेणं हा सर्वांत चांगला 'इन्व्हेस्टमेंट डिसिजन' होता, त्या काळात ती इन्व्हेस्टमेंट आहे असं वाटणारा माणूसच नव्हता. गाड्या टिकल्या त्या दोन प्रकारच्या लोकांमुळे. एक, ज्यांना वेड होतं. दोन, ज्यांच्याकडे हात होते, म्हणजे मिस्त्री, फिटर, लेथवाले. दिल्लीत 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ मध्ये व्हिंटेज गाड्यांची रॅली सुरू केली. तिथे लोक गाड्या घेऊन यायचे ते बक्षिसासाठी आणि मिरवायला. विकायला नव्हे.

गंमत म्हणजे त्याच काळात आपल्याकडे एक वाहन खरोखरच पक्की गुंतवणूक होती. ओळखा कुठलं? बजाज चेतक! १९७२ मध्ये आलेली ही स्कूटर बुक केली की नंबर लागायला कित्येकांना दहा दहा वर्षं लागायची. नंबर लागला की शोरूममधून बाहेर काढून त्याच दिवशी जास्त पैशांना विकता यायची. ह्याला 'ऑन' म्हणायचे. घरात मुलगी जन्मली की स्कूटर बुक करणाऱ्यांचे किस्से आपल्या आईवडिलांच्या पिढीने ऐकलेले आहेत. १९८५ मध्ये आमच्या वाळूजला बजाजचा कारखाना आला, उत्पादन वाढलं, मग नव्वदनंतर बाजार खुला झाला आणि 'ऑन' गायब. चेतक तीच होती, पण टंचाई संपली होती. सेकंडहँड भाव टंचाईतून आला होता, स्कूटरच्या गुणातून नाही. हा धडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध उदाहरणाकडे येऊ. फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ मध्ये बनल्या फक्त ३६. रेसिंगसाठी बनवलेली, पण रस्त्यावरही चालवता येणारी गाडी. नवी असताना अमेरिकेत साधारण १८ हजार डॉलर. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात त्यातली एक ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली.

मी इंजिनिअर, त्यामुळे एक्सेल उघडलंच. ५६ वर्षांत सुमारे २,७०० पट. चक्रवाढीने वर्षाला साधारण १५ टक्के, डॉलरमध्ये. आता सेन्सेक्स घ्या. १९७९ मध्ये १००, ऑगस्ट २०१८ मध्ये ३८ हजारांच्या आसपास. वर्षाला साधारण १६ टक्के, लाभांश सोडून. पण हे रुपयात. रुपया दरम्यान किती घसरला ते धरलं तर फेरारी पुढे जाते, बरीच पुढे. म्हणजे टेबलावरची दुसरी पार्टी खोटं बोलत नाहीये.

पण थांबा. हे आकडे कुठल्या गाडीचे आहेत? जगातल्या लाखो गाड्यांमधून, नंतर, मागे वळून, निवडलेल्या एका गाडीचे. हे म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाची मुलाखत घेऊन तिकिटाचा सरासरी परतावा काढण्यासारखं आहे. १९६२ मध्ये आणखी शेकडो मॉडेल्स नवी होती. त्यातली बहुतेक आज पत्र्याच्या रूपात कुठल्या तरी कपाटात किंवा छतात असतील.

आणि खुद्द जीटीओचा प्रवासही सरळ वर गेलेला नाही. टेक्सासमधल्या एका हायस्कूलला एक जीटीओ भेट मिळाली होती, मुलांना इंजिन शिकवायला. शाळेने १९७२ मध्ये ती साडेसहा हजार डॉलरला विकून टाकली. घेणाऱ्याने ती ओहायोमध्ये उघड्यावर ट्रेलरवर ठेवली, पंधराएक वर्षं, ऊन, पाऊस आणि बर्फात. मग १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारले, जपानी लोकांकडे प्रचंड पैसा आला होता, आणि भाव उधळले. १९८९-९० मध्ये जीटीओचा व्यवहार सव्वा कोटी डॉलरच्या पुढे गेला. पुढच्या चार-पाच वर्षांत तोच भाव तीस लाखांच्या आसपास उतरला. ज्याने शिखरावर घेतली त्याचे चार आण्यांवर आले! गाडी तीच, इंजिन तेच, ३६ चा आकडाही तोच. टंचाई होती, पण मागणी पळाली.

ह्याच गाडीच्या इतिहासात माझा आवडता माणूस मात्र वेगळा आहे. पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन. त्याने १९७७ मध्ये एक जीटीओ सुमारे ३७ हजार पौंडांना घेतली. १९९० चं शिखर त्याने बघितलं, १९९४ ची दरी बघितली, नंतरचे कोटी कोटीचे आकडेही बघितले. विकली नाही. शर्यतीत पळवली. आज तिची किंमत काय हे त्याला माहीत असणारच, पण ते आकडे त्याच्या रविवारच्या आड आले नाहीत. चेष्टा बघा, सगळ्यात जास्त 'रिटर्न' त्याच्याकडे आहे, आणि तो त्याने कधी मागितलाच नाही.

परत आपल्या गावात येऊ. ऑक्टोबर २०१० मध्ये आमचं औरंगाबाद देशभरच्या बातम्यांत आलं, आठवत असेल. शहरातल्या व्यावसायिकांनी, बिल्डरांनी, डॉक्टरांनी मिळून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. सगळा मिळून व्यवहार ६५ कोटींच्या घरातला. एकगठ्ठा खरेदी म्हणून कंपनीकडून सूट आणि स्टेट बँकेकडून सात टक्क्यांनी कर्ज. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या जालना रोडवर तारेची चांदणी दिसली की आम्ही पोरं मोजायचो.

ह्या गाड्यांना काय म्हणाल? मजा की गुंतवणूक? मला वाटतं, दोन्ही नाही. ती एक घोषणा होती. मुंबई-पुण्याच्या लोकांना मराठवाडा म्हटलं की दुष्काळ आठवतो; आमच्याकडेही पैसा आहे आणि तो आम्ही एकत्र येऊन खर्च करू शकतो, हे सांगायचं होतं. ती घोषणा ऐकू गेली, त्या अर्थाने पैसे वसूल. पण गाडी म्हणून हिशोब केला तर? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०१० मधल्या ज्या अजून रस्त्यावर आहेत, त्यांची मुदत २०२५ मध्ये संपली. २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५ हजार झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १० हजार केली गेली, आणि गाडी आयात केलेली असेल तर ८० हजार. म्हणजे गाडी पन्नाशीची होऊन 'व्हिंटेज' म्हणून मान मिळेपर्यंत मधली तीस-पस्तीस वर्षं तिला फक्त जुनी म्हणून जगावं लागतं. भाव पडलेले, फी चढलेली, पार्ट संपत आलेले. ह्या मधल्या वाळवंटातून ज्या गाड्या पार होतात त्या कुणीतरी जीव लावला म्हणूनच.

सचिनच्या फेरारीचंही तसंच. २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून फियाटतर्फे ३६० मोडेना भेट मिळाली, खुद्द शूमाकरच्या हस्ते. मग सुमारे १ कोटी १३ लाखांचं आयात शुल्क माफ करण्यावरून २००३ मध्ये गदारोळ झाला आणि शेवटी शुल्क फियाटने भरलं. २०११ मध्ये गाडी सुरतच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. आणि २०१२ मध्ये राजेश मापुसकरांनी त्यावरून 'फेरारी की सवारी' काढला. त्या गाडीच्या वाट्याला फायली, बातम्या आणि सिनेमा आला. सामान्य माणसाच्या डोळ्यासमोर मात्र अजून एकच चित्र येतं: सचिन ती चालवतोय.

आता शेवटचा साक्षीदार. कोर्ट झालं, बाजार झाला. 'चालवली होती का' हा प्रश्न विचारणारा तिसरा म्हणजे खुद्द यंत्र.

सोनं लॉकरमध्ये पन्नास वर्षं ठेवा, सोनंच राहतं. गाडीचं तसं नाही. उभी गाडी मरते. पेट्रोल टाकीत पडून चिकट होतं आणि कार्ब्युरेटरची भोकं बुजवतं. ब्रेकची रबरं सुकतात. टायर एकाच जागी चपटे होतात. इंजिनच्या आतल्या भागांवरचं तेल ओघळून खाली बसतं आणि वर गंज धरतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या काळच्या रबराला, कॉर्कच्या गॅस्केटला ते मानवत नाही. साठ-सत्तरच्या दशकातली गाडी असेल तर पाइप, सील सगळं बदलून घ्यावं लागतं. म्हणजे 'ठेवून देऊ, भाव आला की विकू' हे धोरण ज्या वस्तूला सगळ्यात कमी चालतं, ती वस्तू म्हणजे गाडी. जी महिन्यातून दोनदा तीस-चाळीस किलोमीटर फिरते ती टिकते.

इथे सरकारी नियमाचा एक विनोद सांगायला हवा. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी असेल तर वेगळी नोंदणी मिळते, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी ५ हजार. नियम चांगले आहेत, ह्या गाड्यांना कायद्यात पहिल्यांदाच जागा मिळाली. पण अट अशी की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, ह्यासाठीच. म्हणजे एक खातं म्हणतं, फारशी चालवू नका. दुसरं खातं विचारतं, चालवल्याचा पुरावा कुठाय? :) व्यवहारी शहाणपण इतकंच, की रॅलीचे फोटो, गॅरेजची बिलं आणि पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवा. करासाठी नाही तर निदान नातवंडांसाठी.

ह्या सगळ्यात आमच्या चिकलठाण्याचं काय? आमच्याकडे ड्यूसेनबर्ग नाही. पण एक गोष्ट आहे. इथल्या एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, जिथे डाय, मोल्ड आणि अचूक मशीनिंगचं शिक्षण मिळतं. आजूबाजूच्या गाळ्यांत लेथ आणि मिलिंग मशीनवर गाड्यांचे भाग कापत आख्ख्या पिढ्या गेल्या. अशा हातांना नमुना दिला की बंद पडलेल्या कंपनीचा बुश, शाफ्ट, गिअरचा दात पुन्हा जन्माला येतो. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये मालकांची नावं असतात, ह्या माणसांची नसतात. पण 'मूळ रूपात' असलेली प्रत्येक जुनी भारतीय गाडी कुठल्या ना कुठल्या लेथवाल्याच्या कृपेने मूळ रूपात आहे. व्हिंटेज गाडी परवडते की नाही ह्याचा खरा निकष माझ्या मते हाच: तुमच्याकडे पैसे किती आहेत त्याआधी, तुमच्याकडे मिस्त्री कोण आहे?

हे सगळं आत्ता लिहायचं कारणही सांगून टाकतो. आमच्या टीममधला एक जण, वय अठ्ठावीस, सॅन स्टॉर्म शोधतोय. ही आपली देशी छोटी स्पोर्ट्स कार, १९९८ च्या सुमारास आली. गोव्यात बनायची, डिझाइन फ्रेंच, बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी, ६० च्या आसपास हॉर्सपॉवर. फार थोड्या विकल्या गेल्या. त्याचं लॉजिक असं: कमी बनल्या, म्हणजे दुर्मिळ, दुर्मिळ, म्हणजे भाव चढणार. त्यासाठी फ्लॅटच्या डाउन पेमेंटचे पैसे घालायची त्याची तयारी आहे. घरी सांगितलंय की ही गुंतवणूक आहे.

मी त्याला म्हटलं, गाडी घे, पण ते शेवटचं वाक्य मागे घे. कमी बनल्या हे अर्धंच कारण आहे. चेतकचा 'ऑन' आठव, जीटीओची १९९४ ची दरी आठव. दुर्मिळ असून कुणाला नकोशा अशा वस्तूंनी जुना बाजार भरलेला असतो. जीटीओला भाव आला कारण तिने शर्यती जिंकल्या आणि जगभरच्या मुलांनी तिची पोस्टरं भिंतीला लावली. स्टॉर्मची पोस्टरं किती जणांच्या भिंतीवर होती? तुझ्या होती. म्हणजे ती तुझ्यासाठी अमूल्य आहे. पण बाजार एका माणसाचा नसतो.

तेव्हा डाउन पेमेंट डाउन पेमेंटच्या जागी ठेव. जे पैसे गोव्याच्या दोन ट्रिपमध्ये किंवा नव्या बाइकमध्ये उडवले असतेस, तेवढ्यात बसत असेल तर घे. त्यात बसवायला आणखी दोन वर्षं लागली तर लागू देत. आणि घरी खरं सांग, की मला ही आवडते म्हणून घेतोय. आपल्या मराठी घरांत ह्या वाक्याला सगळ्यात जास्त धैर्य लागतं. आपण हौसेलाही 'पुढेमागे उपयोगी पडेल' असं लेबल लावल्याशिवाय घरात आणत नाही. साडी 'लग्नात लागेल', प्लॉट 'मुलांना होईल', आणि आता गाडी 'भाव येईल'. गुंतवणूक हा शब्द कितीदा तरी आपण स्वतःला परवानगी देण्यासाठी वापरतो, हिशोबासाठी नाही. ती परवानगी खरा हिशोब न करता मिळते म्हणून तर ती धोकादायक.

इतिहास चाळून माझ्या हाती एवढंच लागलं. भाव आलेल्या गाड्या बहुतेक करून अशा लोकांकडून आल्या ज्यांनी भाव नसताना त्या सांभाळल्या. त्यांनी पैसे कमावले असतील, पण त्याआधी वीस-तीस वर्षं खर्च केला, शिव्या खाल्ल्या, हात काळे केले. तो मधला काळ ज्याला नकोय त्याने इंडेक्स फंड घ्यावा, त्याला ऑइल बदलावं लागत नाही. आणि ज्याला तो मधला काळच हवाय, त्याच्यासाठी उद्या भाव शून्य झाला तरी रविवार शिल्लक राहतो.

मित्र अजून विचार करतोय. दरम्यान त्याने एक काम केलंय: चिकलठाण्यातल्या एका फायबर-फॅब्रिकेशनवाल्याचा नंबर माझ्याकडून घेतलाय. चांगलं लक्षण आहे.

तुमच्या घरात, वाड्यात, काकांच्या शेडमध्ये अशी एखादी जुनी गाडी झाकून ठेवलेली असेल तर ह्या रविवारी एक करा. भाव गूगल करू नका. आधी कव्हर काढा, बॅटरी बघा, आणि काकांना विचारा की शेवटची कधी चालवली होती. गोष्ट तिथूनच सुरू होते.